खैरूचं आठवं पाखरू

काल दुपारी जेवून जरा लवंडले होते. डोळा लागतो न लागतो तोच तू कानाशी म्हणालीस, "भाबी, कांडी टाक." तोच आवाज, लूमच्या शेडमधल्या कोपऱ्यातून यायचा तसा, दबलेला आणि उतावळा. माझा हात आपोआप उशाशी गेला, कांडी चाचपली आणि खाली टाकली. ती कांडी नव्हती, खोकल्याच्या औषधाची बाटली होती. आवाज ऐकून नात धावत आली.

"दादी, काय पडलं?"

"पाखरू," मी म्हटलं.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली आणि बाहेर जाऊन आईच्या कानात काहीतरी सांगून आली. तेव्हापासून माझ्या चहात साखर जरा जास्त पडते आणि घरात कोणी माझ्याशी वाद घालत नाही. खैरू, गेलीस तू आणि म्हातारी झाले मी, असा सगळा प्रकार आहे.

तुझ्याबद्दल लोक चांगलंच बोलतात. चाळिसाव्या दिवसापर्यंत तरी बोलतील. परवा एक बाई सांगत होती, खैरुन्निसानं जन्मात कधी कुणाला दुखवलं नाही, मुंगीलासुद्धा नाही. मी तोंडावर पदर घेतला. तिला वाटलं, नणंदेसाठी भावजय रडते आहे. मुंगीचं मी खरं मानते गं. पण तिनं एकदा कबुतरांना विचारून यायला हवं होतं.

तुझ्या हातात बंदूक बघितलेलं माणूस आता मी एकटीच उरले. तुझ्या मुलानं हे फक्त ऐकलंय, माझ्या मुलांनीही ऐकलंय, आणि ऐकलेलं त्यांना म्हाताऱ्यांच्या गप्पांसारखं वाटतं. म्हणून तुझ्याशीच बोलते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐकून घे. मध्येच "न्हाय, असं न्हवतं" म्हणायची सोय तुला आता नाही, त्याचा मी थोडा फायदा घेणार आहे.

मी तुमच्या घरात नवरी होऊन आले तेव्हा अतिशहाणी होते. खाडीकाठचं गाव आमचं. तिथली शाळा आठवीपर्यंत, त्यामुळे मला वाटायचं की शिक्षण आठवीलाच संपतं आणि मी ते संपवून आलेय. भिवंडीत पहिल्या रात्री लूमचा तो खडखडाट भिंतीतून अंगात शिरायला लागला, तेव्हा मी तुझ्या भावाला विचारलं, "हे कधी थांबतं?"

तो कुशीवर वळून म्हणाला, "शुक्रवारी."

मला वाटलं माझी चेष्टा करतोय. पण शुक्रवार उजाडला आणि खरंच थांबलं. अख्ख्या गल्लीतले लूम गप्प. कान सुन्न झाले होते, त्यात पहिल्यांदा माणसांचे आवाज आले, भांड्यांचे आले, आणि मग शेडमधून एक आवाज आला, ठो. मी पलंगाखाली गेले. बनारसी शालू, बांगड्या, मेंदी, सगळ्यासकट. तू मला शोधत आलीस, वाकून बघितलंस. केसांत सुताचं तूस, हातात छर्‍याची बंदूक, आणि चेहऱ्यावर जराही आश्चर्य नाही.

"भाबी, तिथं कबुतर न्हाय पडत," तू म्हणालीस. "बाहेर ये. मोजायला माणूस पायजे."

अशी आपली ओळख झाली. आपल्या घरात सासू नव्हती. तुझी आई तू लहान असतानाच गेली होती. मला वाटलं होतं, घरची रीत कोण शिकवणार. ती तू शिकवलीस, आणि सुरुवात भाकरीपासून न करता कबुतरांपासून केलीस.

शेडच्या छपराला आतून आधार द्यायला ज्या लोखंडी कैच्या होत्या, आडव्यातिडव्या, त्यांच्यावर कबुतरं राहायची. लूमचा एवढा आवाज, पण त्यांना त्याचं काही नाही. आमच्यासारखीच, चार दिवसांत सवय झालेली. खाली पांढरा तागा विणला जायचा आणि वरून त्यावर ती आपली नक्षी काढायची. डाग पडलेला तागा परत यायचा. आधी तुझे बाबा स्वतः नेम धरायचे, पण त्यांच्या डोळ्यांत सारा आला, नीट दिसेना. तुझा भाऊ चाप ओढताना दोन्ही डोळे मिटायचा. त्याच्या हातून एकदा फक्त पंखा मेला. राहिलीस तू. बाबांनी तुला बंदूक दिली आणि कायदे सांगितले. शेडच्या चार भिंतींबाहेर बंदूक जाणार नाही. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आणि मारणाऱ्यानं मोजायचं नाही.

"मारणाऱ्याला आपली सगळीच लागलेली दिसतात," बाबा मला म्हणाले होते, "म्हणून मोजणारा येगळा. तू बंदुकीकडं बगू नको, सूनबाई. आवाज मोजू नको, पीस मोजू नको. पडनं मोज."

मी मान हलवली. आठवी पास होते, मोजणं म्हणजे काय ते मला कोण शिकवणार.

माझ्या पुढ्यात एक टोपली आणि बाजूला रिकाम्या कांड्यांचा ढीग, सूत गुंडाळायच्या त्या लाकडी कांड्या. एक पाखरू पडलं की एक कांडी टोपलीत. ते शोधून दारापाशी बसलेल्या बाबांकडे नेलं की एक कांडी बाहेर. जीव असेल तर बाबा सुरी फिरवून हलाल करायचे, जीव गेलेला असेल तर ते खायचं नाही, मागच्या भिंतीशी पुरायचं. पण जिवंत असो की मेलेलं, मिळायला हवं. शेवटी टोपली रिकामी झाली पाहिजे. रिकामी झाली की नमाजेनंतरच्या पाळीला लूम चालू.

पहिल्या शुक्रवारी मी बाराच्या वर कांड्या टाकल्या आणि पाखरं मिळाली चार. मी प्रत्येक ठो मोजला होता. शिवाय एक कांडी तू शिंकलीस तेव्हा टाकली होती. बाबा म्हणाले, पहिला दिवस शिकायचा, तो हिशेबात धरायचा नाही. तू टोपलीत बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "भाबी, उरलेली बहुतेक उद्या पडतील."

पहिलं पाखरू पडलेलं बघून मी रडलेही होते, हे तू पुढं प्रत्येक लग्नात सगळ्यांना सांगायचीस. आणि दुपारी त्याचंच कालवण मी दोनदा वाढून घेतलं, हे त्याला जोडून सांगायचीस. पहिलं खरं आहे. दुसरं, दोनदा नाही. तिसऱ्यांदा तूच वाढलंस.

हळूहळू मला जमायला लागलं. ते दिवस आठवले की अजूनही डोळ्यांपुढे सगळं जरा धूसर होतं, खरं होतं की झोपेत बघितलं असं. लूमवर आपण जुनी पांढरी कापडं पसरायचो, डाग पडू नयेत म्हणून. अख्खी शेड मिठागरासारखी दिसायची. छपरातल्या काचांतून उन्हाचे पट्टे उतरायचे आणि त्यांत आठवडाभराचं तूस तरंगत राहायचं, खाली यायचं नावच घ्यायचं नाही. वर घुमणं चालू. तू दोन लूमच्या मध्ये उभी, गाल लाकडाला टेकलेला, आणि तुझा श्वास मला इतक्या लांबून ऐकू यायचा. मी डोळे जमिनीवर लावून बसायचे. पडण्याचे आवाज मला ओळखता यायला लागले. फरशीवर पडलेलं वेगळं, लोखंडावर वेगळं, कापडावर पडलेलं म्हणजे कुणी उशी ठेवावी तसं. डोळे मिटून सांगायचे मी, कुठल्या रांगेत पडलं ते. तेव्हा मला वाटायचं, एवढं मन लावून मी आयुष्यात काहीच केलं नाही. अजूनही तसंच वाटतं. मुलं वाढवली तीसुद्धा इतक्या बारकाईनं नाही मोजली. एकदा एक लग्नघरीच विसरून आले होते.

आणि तू. आठवडाभर पाणी, भाकऱ्या, शिवण, बाबांच्या औषधाच्या गोळ्या. मान खाली. शुक्रवारी सकाळी मात्र तू सरळ उभी राहायचीस. तुझ्या लग्नाची बोलणी चालू होती. दुसऱ्याच्या घरात मुलगी जाते, बंदूक जात नाही, हे तुला कुणी सांगायला नको होतं. उरलेत तेवढे शुक्रवार माझे, असं तू एकदाच म्हणालीस, छर्रे खिशात मोजता मोजता, आणि लगेच दुसरं काहीतरी बोललीस.

बाबांचा आणखी एक, शेवटचा कायदा होता, तो तुला सगळ्यांत जास्त ठाऊक होता. एक पाखरू जरी मागं राहिलं तरी त्या दिवसापासून बंदूक भिंतीवर. बाबा रागानं नाही बोलले हे, समजावून बोलले होते. "घायाळ जीव वर कैचीत तडफडत ऱ्हाईल आन खाली आपुन लूम चालवू. त्याचा आवाजपन कुनाला येनार न्हाय. वर गेल्यावर ते जाब विचारील तवा काय सांगू? पाळीची येळ झाली होती?"

त्या शुक्रवाराबद्दल आपण जन्मभर भांडलो, पण कधी नीट बोललो नाही. आज बोलते.

सात मी ऐकली. त्याबद्दल तुझं-माझं दुमत नाही. फरशीवर, कापडावर, एक त्या कोपऱ्यातल्या पिंपावर, सगळ्या पंचक्रोशीला ऐकू गेलं असेल असं. आठवं मी बघितलं. शेवटच्या रांगेत, काचेखाली, वरून आलं आणि पांढऱ्या कापडावर उतरलं. पंख अर्धे उघडे. आवाज आला नाही. पण मी बघितलं, म्हणून कांडी टाकली. तू तेव्हा बंदुकीची नळी दुमडून नवीन छर्रा भरत होतीस, तुझी पाठ माझ्याकडे होती.

शोधाशोध झाली. सात मिळाली. टोपलीत एक कांडी.

"सातच होती, भाबी."

"आठ."

"मी सात येळा चाप ओढला की आठ येळा?"

"मला काय विचारतेस? आवाज मोजायचे नाहीत, बाबांनी सांगितलंय."

केवढी अक्कल होती मला तेव्हा. तू माझ्याकडे असं बघितलंस की आज मी त्या आठवी पास पोरीच्या जागी असते तर कांडी गिळली असती.

आपण दोघी लूमखाली रांगलो. माझा पदर कुठल्यातरी चाकात अडकला, तो तू सोडवलास. सूत गुंडाळलेल्या बीमच्या मागे बघितलं, विणलेल्या मालाच्या मागे बघितलं, तू शिडी लावून कैच्यांवर चढलीस. जुम्याची नमाज आटपून पुरुषमाणसं आली. बाबा, तुझा भाऊ, लूम दुरुस्त करणारे इद्रीसभाई, आणि त्यांच्यामागे पाळीची सगळी माणसं दारात गोळा.

इद्रीसभाई हळूच म्हणाले, "बाबाजी, कामगार लोग आ गए. चालू करू का?"

बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांना दिसत नव्हतं, त्यांनी टोपलीत हात घातला आणि ती कांडी बोटांनी चाचपली.

"किती पडली?"

"सात," तू वरून म्हणालीस.

"तुला न्हाय विचारलं. सूनबाई, तू बगितलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नवी सून, डोक्यावरचा पदर चाकाच्या तेलानं काळा झालेला. "हो बाबा," मी म्हटलं. "आठ. डोळ्यांनी बघितलं."

तू शिडीवरून खाली आलीस. माझ्यासमोर उभी राहिलीस. मला वाटलं आता ही म्हणेल, खोटं बोलतेय, हिला मोजता येत नाही, पहिल्या शुक्रवारी हिनं माझी शिंकसुद्धा मोजली होती. तुझ्याकडे तो साक्षीपुरावा होताच. तू माझ्या नाकावर लागलेलं तेल तुझ्या ओढणीनं पुसलंस आणि बाबांना म्हणालीस, "भाबी म्हणते तर आठ."

मग बंदूक तू स्वतःच नेऊन खिळ्याला अडकवलीस. बाबांना सांगावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत शोधत राहिले सगळे. काही मिळालं नाही. पाळीची माणसं घरी पाठवता येईनात, शेवटी बाबांनी लूम चालू करायला सांगितलं आणि स्वतः त्या दिवशी जेवले नाहीत. तू जेवलीस. माझ्या ताटातच जेवलीस. मला अजून कळत नाही, तू रागावली का नाहीस. एकदा तरी बोलायला हवं होतंस मला. मी भांडले असते, रडले असते, मन मोकळं झालं असतं. त्याऐवजी तू आयुष्यभर चेष्टा केलीस. लग्नघरात लाडू मोजायला मी बसले की तू लांबून ओरडायचीस, "भाबीला नका देऊ, सातचे आठ होतील." फोन केलास की सलामाच्या आधी विचारायचीस, "सात?" मी म्हणायचे, "आठ." मग ख्यालीखुशाली. तुझ्या नवऱ्याला वाटायचं, आपण कसला तरी भाव ठरवतोय.

तू सासरी गेलीस. कबुतरं राहिली. तुझ्या भावानं छपराखाली जाळी लावली, ती त्यांना घरटी बांधायला फार सोयीची पडली.

मला मुलं झाली, मुलांना बायका आल्या, आणि मग एकदा माझी धाकटी सून सगळ्यांसमोर काहीतरी ठामपणे चुकीचं बोलली. अगदी डोळ्यांनी बघितलंय म्हणाली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या गळ्याशी एक शीर उडत होती. तेव्हा मला तुझी ओढणी आठवली. तू त्या दिवशी "सात" वर अडून बसली असतीस, तर बंदूक तुझी राहिली असती. आणि मी त्या घरात कायमची ती सून झाले असते, जिच्या शब्दाची खात्री नाही. पुढं बाबांनी मला कोठीच्या किल्ल्या दिल्या, तुझ्या भावानं घराचा कारभार दिला, कुणी कधी विचारलं नाही की हिनं नीट बघितलंय ना. मला तेव्हा वाटायचं, हे माझ्या हुशारीमुळे. घ्या. आठवी पास.

धाकट्या सुनेला मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." ती अजून बुचकळ्यात आहे.

आता सावलीचं सांगते. लूम भंगारात गेले ते तुला ठाऊक आहे. शेड भाड्यानं दिली, तिथं आता खोकी असतात, पांढऱ्या प्लॅस्टिकखाली झाकलेली. दुपारी मी तिथं खुर्ची टाकून बसते. एवढी शांतता की रोजच शुक्रवार. मागच्या हिवाळ्यात अशीच पेंगत बसले होते, आणि बघते तर काचेखाली, शेवटच्या रांगेत, पंख अर्धे उघडून एक पाखरू वरून आलं आणि पांढऱ्यावर उतरलं. आवाज नाही. मी उठून गेले. तिथं काही नव्हतं. वर बघितलं तर काचेच्या बाहेर, छपरावर, एक कबुतर नुकतंच येऊन बसलेलं.

मी परत खुर्चीत बसले. किती वेळ बसले कोण जाणे. नात चहा घेऊन आली तेव्हा मी हसत होते म्हणे. हसत असेन. आपण इतकी वर्षं एका सावलीवरून भांडत होतो की काय, असं मनात आलं, आणि त्याच वेळी असंही आलं, की ही सावली होती म्हणून ती सावलीच कशावरून. बघितलंस, एकटी असतानासुद्धा मी हार मानत नाही.

पण तुझं बरं नाही असं कळलं, तेव्हा ठरवलं. शुक्रवार बघून आले काल्हेरला. तुझ्या त्या उंच इमारतीत. बाल्कनीला जाळी, जाळीबाहेर कबुतरं, त्यापलीकडे गोदामांची पत्र्याची छपरं, एकापुढं एक, खाडीपर्यंत. तू उशीला टेकून बसली होतीस, हात काडीसारखे झाले होते. मला बघून तू एक डोळा मिटलास, बोट जाळीकडे रोखलंस आणि ओठांनी म्हणालीस, "ठो."

"लागलं?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? मोजायला तू हायस."

मी जवळ बसले. म्हटलं, "खैरू, सात होती."

तू माझ्याकडे बघितलंस. "काय?"

"सात. आठवी सावली होती. हल्लीच कळलं मला." आणि सगळं सांगितलं, काच, खुर्ची, प्लॅस्टिक.

तू पाठीमागची उशी सारखी केलीस. मग म्हणालीस, "न्हाय, भाबी. आठ होती."

"अगं, सात. मी सांगते ना."

"आठ. मला घावलं होतं ते. पुढच्या मंगळवारी कपडे वाळत घालायला वर गेले, तवा मागच्या पन्हळीत पडलेलं बगितलं. फुटक्या काचेतनं बाहेर गेलं असनार. गुपचूप पुरलं मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू गावभर मिरवली असतीस."

"बाबांना तरी सांगायचं."

"सांगून काय, बंदूक खाली आली असती? आठ ती आठच."

"सात."

"आठ म्हनते ना मी, भाबी."

आपला आवाज एवढा चढला की तुझी सून शबाना पोळपाटावरून तशीच उठून आली, हात पिठाचे. "अम्मी, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. मामीजान, तुम्ही तरी."

"तुझ्या सासूला सांग," मी म्हटलं, "सात."

"हिला पानी दे," तू म्हणालीस. "वयामुळं हिच्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

शबानानं दोघींना पाणी दिलं आणि दोघींच्या मध्ये स्टूल टाकून बसली. निघताना तू माझा हात धरलास, नुसताच धरलास, आणि सोडलास.

रिक्षा काल्हेरच्या नाक्यावर एका कंटेनरमागे अडकली. पुढं सरकेना. मी धुरात तोंडाला पदर लावून बसले होते, मनातल्या मनात आपली शेड मागून बघत होते. मागची भिंत, कपड्यांची दोरी, छपराची कड. आणि लक्षात आलं. मागच्या बाजूला तेव्हा पन्हळ नव्हतीच. तुझ्या भावानं ती नंतर बसवली, आमचा थोरला रांगायला लागला होता तेव्हा, भिंत ओली होते म्हणून. तू तर तोवर सासरी होतीस.

खोटारडे.

वाटलं, रिक्षा फिरवायला सांगावी. वर यावं, शबानाला बाहेर काढावं आणि म्हणावं, पन्हळ नव्हती. मग वाटलं, असू दे, थकली असेल, पुढच्या शुक्रवारी म्हणू. एवढं चांगलं भांडण हातात आलंय, एका दिवसात कशाला संपवायचं. कंटेनर हलला आणि मी घरी आले. पुढच्या शुक्रवारपर्यंत तू थांबली नाहीस.

म्हणून इथं म्हणते. पन्हळ नव्हती, खैरू. तू जाताजाताही मला जिंकवायला एक मेलेलं कबुतर उभं केलंस. तुला ते जमतंच. एकदा बंदूक देऊन माझा शब्द राखलास, आणि या वेळी देण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर खोटं बोललीस. तेही मरणाच्या दारात, जिथं माणसं जपून बोलतात. मी तुझ्यासाठी काय दिलं, हे मी पुष्कळ आठवून बघितलं. तिसऱ्यांदा कालवण वाढू दिलं, एवढंच सापडतं.

आता तू तिथं आहेस, जिथं बाबा म्हणायचे, मागं राहिलेले जीव वाट बघत बसलेले असतात. मला काही त्यातलं कळत नाही. पण दुपारी डोळा लागला की मला ती जागा शेडसारखीच दिसते, लूम बंद, वर उजेड, तूस तरंगतंय, आणि तू मधोमध उभी, हात रिकामे. तर जरा नीट बघून घे. कुणी आलंय का तुझ्यापुढं? कुणी नसेल, तर सात होती, आणि ते मी आनंदानं लिहून देते. आणि असेलच एखादं, राखाडी, मानेला हिरवी झाक, एक पंख ओढत आलेलं, काही विचारायला तोंड उघडून थांबलेलं, तर तू उगाच काही कबूल करू नकोस. तुझी सवय वाईट आहे. त्याला म्हण, बस जरा, मोजणारी मागून येते आहे.